'बॉस' गेला, 'लीडर' आला, धनी तोच!

कारखान्यांच्या प्रशिक्षणवर्गांत, बँकांच्या सभागृहांत आणि, खेदाची गोष्ट अशी की, कामगार कार्यकर्त्यांच्या शिबिरांतही हल्ली एक चित्र दाखविले जाते. चित्राचे दोन भाग आहेत. वरच्या भागात एक जड गाडा. त्यावर 'बॉस' बसलेला. बोट रोखून तो दोर ओढणाऱ्यांवर हुकूम सोडतो आहे. खालच्या भागात तोच गाडा, तोच दोर, तीच वाकलेली माणसे. मात्र येथे 'लीडर' खाली उतरला असून दोर ओढणाऱ्यांच्या अग्रभागी राहून स्वतः खांदा देतो आहे. तात्पर्य सोपे असते. बॉस होऊ नका, लीडर व्हा. श्रोते माना डोलावतात, टिपणवहीत दोन शब्दांखाली दोन रकाने आखतात: बॉस 'मी' म्हणतो, लीडर 'आपण' म्हणतो, बॉस भीती घालतो, लीडर उत्साह देतो, वगैरे, वगैरे.

गाडा कोणाचा, हे मात्र चित्रात नाही. त्यावर लादलेला माल कोणाचा, तो कोठे न्यायचा हे ठरविले कोणी, मुक्कामी पोचल्यावर ओढणाऱ्यांच्या पदरात काय पडणार आणि खालच्या चित्रातल्या त्या उमद्या लीडरला दोर ओढणाऱ्यांनी निवडले की गाड्याच्या मालकाने नेमले, याविषयी चित्र मौन पाळते. हे मौन चित्रकाराच्या विसराळूपणाचे नव्हे. त्या मौनासाठीच चित्र काढलेले आहे.

अधिकारी पुरुषाला इंग्रजी भाषेत शब्दांची वाण नाही. लीडर, बॉस, मास्टर, चीफ, हेड, प्रेसिडेंट, चेअरमन, प्रीमियर, डिक्टेटर, डेमागॉग, रिंगलीडर: कोश उघडावा तो एकाच्या अर्थात दुसरा डोकावतो. तरीही ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तो मनुष्य यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी सहसा वापरत नाही. व्यवस्थापनशास्त्राचे पंडित सांगतात की हा भेद स्वभावाचा आहे. एक उद्धट, दुसरा प्रेमळ. इतिहास वेगळे सांगतो. या माणसाला पुढे कोणी केले, कोणाच्या वतीने तो बोलतो आणि त्याला मागे खेचण्याचा अधिकार कोणाला आहे, या प्रश्नांच्या उत्तरांतून हे शब्द वेगळे झाले आहेत. आणि पुष्कळदा ही उत्तरे झाकण्यासाठीच जुन्या शब्दाला काढून नवा शब्द बसविला गेला आहे.

खुद्द 'बॉस' या शब्दाचीच कुळकथा पाहावी. आज तो शिवीसारखा वाटतो. पण तो जन्मास आला तो सभ्य, सौम्य पर्याय म्हणून. मूळ शब्द डच भाषेतला, 'बास', अर्थ धनी. न्यूयॉर्कचा मुलूख आधी डचांच्या ताब्यात होता, तेथून तो अमेरिकन इंग्रजीत आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील गोऱ्या मजुरांना आणि घरगड्यांना 'मास्टर' म्हणणे नकोसे झाले होते. मास्टर हा गुलामांचा असतो, आपण तर स्वतंत्र प्रजासत्ताकाचे नागरिक, अशी त्यांची भावना. त्या काळी अमेरिकेत हिंडून गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी मोठ्या आश्चर्याने लिहून ठेवले आहे की 'तुझा मालक घरी आहे का' असे विचारले तर मोलकरीण चिडते. मला मालक नाही, म्हणते. आणि 'नोकर' हा शब्द फक्त काळ्यांना लावायचा असतो, असे बजावते. ती स्वतःला 'हेल्प' म्हणवी, म्हणजे मदतनीस. आणि धन्याला म्हणे 'बॉस'.

म्हणजे धन्याला धनी न म्हणण्यासाठी जो शब्द उचलला, त्याचा अर्थही धनीच होता. फक्त तो परक्या भाषेत होता. मजुरीचा दर बदलला नाही, कामाचे तास बदलले नाहीत, मोलकरणीची पहाट उजाडण्यापूर्वीच उजाडत राहिली. बदलले एवढेच की गोऱ्या मजुराला काळ्या गुलामापासून आपण निराळे आहोत असे वाटू लागले. या समाधानाची किंमत अमेरिकन कामगार चळवळीने पुढे शंभर वर्षे मोजली. कारण गोरा व काळा मजूर एका संघटनेत येण्याच्या आड जे अनेक अडसर आले, त्यांत हा मानाचा अडसर लहान नव्हता.

तोच डच शब्द दक्षिण आफ्रिकेत गेला, आणि तेथे त्याने आपले मूळ रूप लपविण्याची तसदी घेतली नाही. काळ्या मजुराने गोऱ्या मालकाला 'बास' म्हणूनच हाक मारावी, हा रिवाज. १९५४ ते १९५८ या काळात पंतप्रधान असलेले स्ट्रायडम यांनी तर आपल्या राजकारणाचे नावच उघडपणे 'बासस्कॅप' असे सांगितले. म्हणजे धनीपण, गोऱ्यांचे काळ्यांवरील धनीपण. एकाच शब्दाने एका खंडात गोऱ्या मजुराला तू गुलाम नाहीस असे सांगावे, आणि दुसऱ्या खंडात काळ्या मजुराला तू गुलामच आहेस असे सांगावे, याहून शब्दांच्या दुटप्पीपणाचा पुरावा कोणता हवा?

पुढे न्यूयॉर्कच्या राजकारणात 'बॉस' आणखी एका अर्थाने रुजला. टॅमनी हॉलच्या विल्यम ट्वीडला लोक 'बॉस ट्वीड' म्हणत. बॉस हे कोणत्याही घटनेतले पद नव्हते. त्यामुळे त्या पदाची मुदत नव्हती, निवडणूक नव्हती आणि हिशेबही नव्हता. शहराच्या तिजोरीवर डल्ला मारल्याबद्दल शिक्षा होऊन ट्वीड १८७८ साली तुरुंगात मेला. पण शब्द आणि पद्धत दोन्ही त्याच्या मागे जगली.

आता 'बॉस' बदनाम झाला म्हणून 'लीडर' आला. टीम लीडर, ग्रुप लीडर, शिफ्ट लीडर! यात केवळ खुशामत आहे असे समजणारे कार्यकर्ते भाबडे आहेत. पदनामाच्या या खेळात कामगाराच्या हातून कायद्याचे संरक्षण निसटते. अमेरिकेचेच उदाहरण घ्यावे. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतील फोरमन मंडळींनी १९४१ पासून आपली संघटना बांधली होती. पॅकार्ड कंपनीच्या खटल्यात मार्च १९४७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की फोरमन हेही कामगारच असून त्यांना संघटनेचा हक्क आहे. चार महिन्यांच्या आत, जूनमध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून टाफ्ट-हार्टले कायदा संमत झाला आणि 'सुपरवायझर' या शब्दाखाली येणाऱ्या सर्वांचा तो हक्क काढून घेण्यात आला. न्यायालयाने जे दिले ते एका व्याख्येने हिरावले.

तेव्हापासून तेथील मालकवर्गाचा उद्योग एकच: जास्तीत जास्त माणसांना त्या व्याख्येत ढकलणे. पाळीच्या वेळी कोणत्या परिचारिकेने कोणता रुग्ण पाहायचा हे जी अनुभवी परिचारिका ठरविते, तिला 'चार्ज नर्स' म्हणतात. २००६ साली अमेरिकेच्या श्रमसंबंध मंडळाने मिशिगनमधील एका रुग्णालयाच्या प्रकरणात, हे काम कायम करणाऱ्या परिचारिका सुपरवायझर ठरतात असा निर्णय दिला. म्हणजे सहकारिणींना कामे वाटून देते, एवढ्यावरून ती मालकपक्षाची झाली! तिला कोणाला कामावर घेता येवो वा न येवो, स्वतःचा पगार ठरविता येवो वा न येवो. नावात अधिकार आला आणि हातातून युनियन गेली.

आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'कामगार' या व्याख्येतून व्यवस्थापकांना आणि ठराविक पगारावरील पर्यवेक्षकांना वगळले होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा भेद कायम ठेवला. न्यायालयांनी, त्यांच्याविषयी हे म्हटलेच पाहिजे, वारंवार बजावले आहे की पदनाम पाहू नका, मुख्य काम काय ते पाहा. १९८५ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मांडले. पण न्यायालयाची पायरी चढेपर्यंत नोकरी गेलेली असते, आणि 'तू तर आता लीडर, तुझे युनियनमध्ये काय काम' हे वाक्य कारखान्याच्या फाटकाआत कोणत्याही निकालापेक्षा अधिक वेगाने फिरते.

ही झाली वरून खाली येणाऱ्या शब्दांची गोष्ट. खालून वर येणाऱ्या माणसाला इंग्रजीने कोणते शब्द दिले, हे पाहणे याहून उद्बोधक आहे.

'ॲजिटेटर' हा शब्द ब्रिटिश अमलात आपल्या देशाने भरपूर ऐकला. इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ 'चिथावणीखोर' असाच असे. पण इंग्लंडच्या स्वतःच्या इतिहासात हा शब्द कोठे भेटतो? १६४७ साली, राजा चार्ल्सचा पराभव करणाऱ्या पार्लमेंटच्या फौजेत. पगार थकलेले, फौज मोडून शिपायांना घरी धाडण्याचे बेत चाललेले. तेव्हा शिपायांनी आपल्यातून प्रतिनिधी निवडले. या निवडलेल्या प्रतिनिधींना 'ॲजिटेटर' म्हणत. त्या वर्षीच्या शरद ऋतूत पटनी येथील चर्चमध्ये बड्या सरदारांसमोर बसून त्यांच्या बाजूने मांडणी झाली की ज्याच्यावर राज्य करायचे त्या गरिबातल्या गरिबालाही मत हवे. फौजेत सेनापती वरून नेमला जातो. ॲजिटेटर खालून निवडला गेला. त्या शब्दाचा खरा गुन्हा हाच. मे १६४९ मध्ये बर्फर्ड येथे क्रॉमवेलने बंडखोर शिपायांपैकी तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या, आणि शिपायांनी निवडलेल्या प्रतिनिधीचे नाव हळूहळू गडबड माजविणाऱ्याचे नाव होऊन बसले.

अडीच शतकांनी तोच शब्द लोकमान्य टिळकांच्या माथी मारण्यात आला. व्हॅलेंटाइन चिरोल या लंडनच्या पत्रपंडिताने १९१० साली पुस्तक लिहून टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक ठरविले. त्याला ती शिवी वाटली. देशाने ती पदवी म्हणून स्वीकारली. टिळकांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला व १९१९ साली तो गमावला, हा भाग निराळा. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. त्या कामगारांच्या दृष्टीने टिळक काय होते, हे सांगायला कोणाही चिरोलची गरज नव्हती.

'डेमागॉग' या शब्दाचे हाल तर याहून वाईट. मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ 'लोकांना पुढे नेणारा', म्हणजे आपला 'लोकनेता'. अथेन्समध्ये तो आरंभी शिवी नव्हता. पेरिक्लीझ हा मोठ्या घराण्यातला. त्याच्यामागून क्लिऑन पुढे आला, तो कातडी कमावण्याच्या धंद्यातला. कातड्याच्या धंद्यातला मनुष्य सभेत उठून बोलतो आणि लोक त्याचे ऐकतात, हे घरंदाजांना सोसवले नाही. ॲरिस्टोफेनीझने ख्रिस्तपूर्व ४२४ मध्ये एक सबंध प्रहसन लिहून त्याची टर उडविली. लेखणी घरंदाजांच्या हाती होती. त्यामुळे पेरिक्लीझ 'मुत्सद्दी' म्हणून इतिहासात गेला आणि क्लिऑन 'डेमागॉग' म्हणून. क्लिऑन साधुपुरुष होता असे कोणी म्हणत नाही. त्याची क्रूर मते नमूद आहेत. पण अथेन्सच्या साम्राज्याची जुलमी वसुली पेरिक्लीझच्याही काळात चालूच होती. मोझेस फिन्ले या इतिहासकाराने १९६२ साली एका निबंधात दाखवून दिले की जेथे मंत्रिमंडळ नाही, पक्ष नाहीत, सारे निर्णय भर सभेत होतात, तेथे असा लोकनेता हा लोकशाहीचा रोग नसून तिचा अवयव असतो. (हा फिन्ले मूळचा अमेरिकन, मॅकार्थीच्या धरपकडीच्या काळात प्राध्यापकी गमावून इंग्लंडमध्ये आलेला. कोणाला कोणत्या नावाने हाकलले जाते, हे त्याला ग्रंथांतूनच शिकावे लागले नव्हते.)

या बाबतीत मराठी वृत्तपत्रांनीही इंग्रजीचा कित्ता इमानाने गिरविला आहे. संप मोडला की बातमीत संपवाल्यांचे 'म्होरके' पकडले जातात; तडजोड झाली की त्याच माणसांशी 'कामगार नेते' म्हणून चर्चा झालेली असते; आणि मालकसंघाच्या अध्यक्षाला मात्र कोणत्याही परिस्थितीत कोणी म्होरक्या म्हणत नाही. इंग्रजीतील 'लीडर' आणि 'रिंगलीडर' यांच्यामध्ये जे अंतर आहे ते पोलीस चौकीने निर्माण केलेले आहे. त्या अंतराची बातमीदाराने स्वतःहून पूजा बांधण्याचे कारण नव्हते.

साम्राज्यशाहीच्या हातात हाच शब्दखेळ राज्ययंत्राचा भाग झाला. 'किंग' हा शब्द इंग्रजांनी आपल्या राजासाठी राखून ठेवला. आफ्रिकेतले राजे 'चीफ' झाले, हिंदुस्थानातले 'प्रिन्स' आणि 'चीफ'. १८७७ मध्ये व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केल्यावर येथे दुसऱ्या कोणाला 'मॅजेस्टी' म्हणवून घेण्याची सोय उरली नाही. एकवीस तोफांची सलामी घेणारे बडोदेकर आणि ग्वाल्हेरकरसुद्धा 'हायनेस'. निजामाने पहिल्या महायुद्धात भरघोस मदत केली, त्याची बक्षिसी म्हणून १९१८ मध्ये त्याला एक जास्तीचे विशेषण मिळाले. १९२१ साली या सर्वांचे नरेंद्र मंडळ स्थापन झाले. मराठीने मात्र या मंडळींना 'संस्थानिक' म्हणून मोकळे केले. राजा नव्हे, प्रजाही नव्हे; संस्थान नावाच्या जहागिरीवर इंग्रजांच्या मर्जीने बसलेला. मराठी भाषेने केलेल्या मोजक्या अचूक भाषांतरांत याची गणना व्हावी.

नायजेरियाच्या आग्नेय भागात याहून विलक्षण प्रकार घडला. तेथील इग्बो लोकांच्या बहुसंख्य गावांत राजा नव्हता, सरदार नव्हता. गावसभा, वडीलधारे, समवयस्कांचे गट आणि स्त्रियांच्या स्वतःच्या संघटना यांच्या विचाराने कारभार चाले. इंग्रजांना अप्रत्यक्ष राज्यपद्धती हवी होती. तिच्यासाठी चीफ हवा. आणि येथे तर चीफच नाही! तेव्हा त्यांनी चीफ बनविले. वाटेल त्याला एक सरकारी सनद, वॉरंट, दिले की झाला 'वॉरंट चीफ'. गावाने त्याला निवडले नव्हते, म्हणून गाव त्याला काढूही शकत नव्हते. त्याने न्याय विकला, वेठ घेतली, कर गोळा केला. १९२९ च्या अखेरीस बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरली, आणि हजारो इग्बो व शेजारच्या जमातींच्या स्त्रिया उठल्या. चीफच्या दाराशी ठिय्या देऊन, गाणी म्हणून त्याची नाचक्की करणे हा त्यांचा जुना रिवाज होता. या वेळी त्यांनी त्यांच्या टोप्या हिसकावल्या, कचेऱ्या मोडल्या आणि राजीनामे मागितले. सरकारने गोळीबार केला. पन्नासांहून अधिक स्त्रिया ठार झाल्या. त्यानंतर मात्र वॉरंट चीफची पद्धत इंग्रजांना मोडीत काढावी लागली. ज्यांच्या भाषेत या 'चीफ'ला शब्द नव्हता त्या निरक्षर स्त्रियांना त्या शब्दाचा अर्थ लंडनच्या वसाहत खात्यापेक्षा नेमका कळला होता.

आपल्यातलेच काही मित्र म्हणतील, हा सारा पंडिती शब्दच्छल झाला. पोटाच्या प्रश्नापुढे शब्दांचे काय एवढे? पोटाचाच प्रश्न आहे, हे चार्ज नर्सच्या उदाहरणावरून दिसावे. दुसरा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे. नम्र शब्द वापरले म्हणून माणसे नम्र होतात काय? याचे प्रामाणिक उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. 'मिनिस्टर' या लॅटिन शब्दाचा अर्थ सेवक. 'मास्टर' ज्या शब्दापासून आला तो 'अधिक' या अर्थाच्या धातूचा, आणि 'मिनिस्टर' 'उणे' या अर्थाच्या. तरी उण्याने अधिकाला केव्हाच गिळले. 'प्राइम मिनिस्टर' ही अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये निंदा होती. १७४१ साली रॉबर्ट वॉल्पोलवर विरोधकांनी तो आरोप ठेवला आणि आपण तसे काही नसल्याचे त्याने पार्लमेंटात सांगितले. राजशिष्टाचारात या पदाला अधिकृत स्थान मिळाले ते १९०५ मध्ये. आम्ही त्या 'सेवका'चे भाषांतर करताना पेशव्यांचा 'पंतप्रधान' उचलला, म्हणजे वंशपरंपरेची सोय नावातच करून ठेवली! 'प्रेसिडेंट' म्हणजे नुसता सभेच्या अग्रस्थानी बसणारा. १७८९ मध्ये अमेरिकन सेनेटने वॉशिंग्टनला 'हायनेस' वगैरे लांबलचक किताब देण्याचा घाट घातला होता. प्रतिनिधिगृहाने तो हाणून पाडला आणि साधे 'प्रेसिडेंट' ठेवले. त्या साध्या शब्दाच्या धन्याच्या हाती आज जगाला भाजून काढणारी अण्वस्त्रे आहेत.

तेव्हा शब्द साधा की भपकेदार, एवढ्यावर काही ठरत नाही. हे समाजवादी चळवळीला तर १९२२ या एकाच सालाने शिकवायला हवे होते. ब्रिटिश मजूर पक्षाच्या पार्लमेंटरी गटाचा प्रमुख १९०६ पासून, केअर हार्डीपासून, 'चेअरमन' म्हणविला जाई. सभासदांनी निवडायचा, सभा चालवायची, ठरेल ते सभागृहात मांडायचे. १९२२ साली रॅम्से मॅक्डोनल्ड यांची निवड झाली आणि पदनाम झाले 'चेअरमन आणि लीडर'. पक्ष मोठा झाला, विरोधी पक्ष म्हणून मान्यता आली, तेव्हा शब्दही मोठा हवा, असा युक्तिवाद. नऊ वर्षांनी, ऑगस्ट १९३१ मध्ये, बेकारांचा भत्ता कापण्याच्या प्रश्नावर मंत्रिमंडळ दुभंगले. आणि या लीडरने पक्षाला न विचारता हुजूर पक्षाला सोबत घेऊन नवे सरकार बनविले. पक्षाने त्यांना काढून टाकले, परंतु ऑक्टोबरच्या निवडणुकीत १९२९ च्या २८७ जागांवरून मजूर पक्ष ५२ वर आला. हा अनर्थ एका शब्दाने घडविला असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण सभासदांचा ठराव माझ्यावर बंधनकारक नाही, असे वाटू लागण्याची जी मनोवृत्ती, तिला तो नवा शब्द मानवला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच १९२२ सालच्या एप्रिलमध्ये मॉस्कोत स्टालिन 'जनरल सेक्रेटरी' झाला. सेक्रेटरी! चिटणीस, कारकुनी पद. कागद ठेवणारा, नेमणुका नोंदविणारा. पक्षातील वक्त्यांना आणि सिद्धान्तकारांना त्या खुर्चीत काही राम वाटला नाही. नेमणुका नोंदविणाराच नेमणुका करू लागला की काय होते, हे आजारी लेनिनच्या ध्यानात आले; जानेवारी १९२३ च्या टिपणात त्याने स्टालिनला त्या पदावरून हलविण्याचा विचार करा असे सुचविले. १९२४ च्या अधिवेशनाच्या वेळी ते टिपण प्रतिनिधींच्या कानी घालण्यात आले, आणि स्टालिनला हलविले गेले नाही. एकीकडे उंच शब्द, दुसरीकडे ठेंगणा. लंडनच्या पक्षाला आपला लीडर निदान काढून टाकता आला, मॉस्कोच्या पक्षाला आपला चिटणीस काढता आला नाही. फरक येथे आहे. ब्रिटिश मजूर पक्षाचे टोनी बेन यांनी २००१ साली पार्लमेंटचा निरोप घेताना सत्ताधाऱ्याला विचारायचे जे प्रश्न सांगितले, त्यांतला शेवटचा हाच होता: तुम्हांला काढायचे कसे?

आपल्या देशात या प्रश्नाचा विसर पाडण्याचे काम दोन आयात शब्द बिनबोभाट करीत आहेत. एक 'हायकमांड', दुसरा 'सुप्रीमो'. दोन्ही छावणीतले. सुप्रीमो हे दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियाचे सरसेनापती झालेल्या माउंटबॅटन यांचे टोपणनाव होते. आज ते प्रत्येक प्रादेशिक पक्षाच्या प्रमुखाला लावले जाते आणि कार्यकर्त्यांना त्यात अभिमान वाटतो! सेनापतीला शिपाई निवडत नाहीत, त्याच्याकडे हिशेब मागत नाहीत, हुकूम आला की चालू लागतात. पक्षाच्या सभासदाने स्वतःला शिपाई म्हणवून घेण्यात जी नम्रता दिसते, तिची दुसरी बाजू ही आहे.

याला उत्तर म्हणून कोणी १९३० चा दाखला देईल. सविनय कायदेभंगात काँग्रेसने ठिकठिकाणी 'डिक्टेटर' नेमले होते, तेव्हा शब्दाचा एवढा बाऊ कशाला? दाखला खरा आहे. म्हणूनच तो नीट वाचावा. तो डिक्टेटर पकडला जाईपर्यंतचा डिक्टेटर होता. त्याला अटक झाली की पुढचा, तो गेला की त्यापुढचा. आज अधिकार हाती आला की उद्या तुरुंगाची वाट. रोमनांनी हा शब्द घडविला तो याच जातीच्या पदासाठी: संकटकाळी नेमावा आणि सहा महिन्यांच्या आत त्याने अधिकार खाली ठेवावा. सीझरने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये त्याच पदाला 'तहहयात' हे एकच विशेषण जोडून घेतले. महिन्याभरात त्याचा खून झाला, आणि मार्क अँटनीने ते पदच कायद्याने रद्द केले.

ते विशेषण मात्र रद्द झालेले नाही. जुलै २०२२ मध्ये आंध्र प्रदेशातील वायएसआर काँग्रेसच्या अधिवेशनानंतर त्या पक्षाचे प्रमुख आता कायमचे अध्यक्ष झाल्याच्या बातम्या आल्या. कायमस्वरूपी पद हे मुळातच लोकशाहीविरोधी आहे, असे निवडणूक आयोगाने सप्टेंबरमध्ये त्या पक्षाला कळविले आणि याचा जाहीर खुलासा करण्यास सांगितले. अध्यक्षाची मुदत किती, हा प्रश्न पक्षाला बाहेरून विचारला गेला. आपापल्या पक्षाच्या शाखेत, जिल्ह्यात, राज्यात शेवटची निवडणूक कोणत्या साली झाली याचे उत्तर ज्या कार्यकर्त्यांना चटकन देता येत नाही, त्यांनी आंध्रातल्या त्या बातमीला हसण्याची घाई करू नये. घटनेची प्रत कार्यालयात असते. तिच्यात मुदतीचे कलमही असते.